कपाटामागची भिंत

गृहमंडळाचा तपासनीस येणार असं कळलं की त्या इमारतीत पहिली पळापळ व्हायची ती सफेदीच्या बादलीसाठी. बादली तळमजल्यावरच्या रंगारीकाकांची. कामावरून उरलेला पांढरा रंग ते तिच्यात ओतून ठेवायचे, आणि ज्यांच्याकडे साहेब येणार त्यांच्याकडे ती आदल्या दिवशी हातोहात पोहोचायची. तिथलं काम उरकलं की शेजारी, मग वरच्या मजल्यावर. पाहुणा येणार म्हणून घर आवरावं, तशी साहेब येणार म्हणून भिंत पांढरी करायची. हा नियम कुणी घातला नव्हता, पण इमारतीत नव्याने आलेल्या सुनेला तो स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या आधी कळायचा.

कोणती भिंत, हेही सांगावं लागायचं नाही. इमारतीच्या मागच्या अंगाला ऊन म्हणून कधी फिरकत नसे, आणि तिथेच भिंतीच्या पोटातून वरपासून खालपर्यंत गेलेला पाण्याचा पाइप कैक वर्षं पाझरत होता. थंडी-पावसाचे दिवस आले की आधी भिंतीला घाम सुटायचा. मग राखाडी ठिपके, ठिपक्यांचे चट्टे, आणि शेवटी पंजाएवढे काळे डाग. बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकताच कुबट वास यायचा. आत राहणाऱ्यांना तो येईनासा झाला होता. इमारतीचं नाव मात्र 'सुखनिवास'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय!

तिसऱ्या मजल्यावर त्याच भिंतीला लागून मुंगीची खाट होती. दुसरीकडे लावायला जागाच नव्हती. रांगायला लागली तेव्हा ही पोर एका जागी म्हणून ठरायची नाही. पलंगाखालून निघाली की ओट्याखाली, ओट्याखालून निघाली की दाराबाहेर. म्हणून आजीने नाव ठेवलं मुंगी. आता मुंगी दुसरीत होती आणि तीन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. आडवी झाली की छातीतून शिटीसारखा आवाज निघायचा. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि दम लागला असं म्हणायची नाही. बुटाची नाडी सोडून परत बांधायची. तिच्या आईला ती युक्ती केव्हाच कळली होती.

मुंगीची आई एका मोठ्या धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि घरी येऊन पोरीला वाफ द्यायची, असा तिचा दिनक्रम. बाप मालट्रक चालवायचा. आठवड्यातले निम्मे दिवस घरी आणि त्यातली निम्मी रात्र पोरीच्या उशाशी. झोप न झालेला माणूस ट्रक हाकतो म्हणजे काय, हा विचार मुंगीची आई मनात येऊ द्यायची नाही. आला तरी हाकलून द्यायची. नवरा-बायकोची भांडणं व्हायची ती उगाचच, डब्याच्या झाकणावरून, नळावरून. खरं भांडण भिंतीशी होतं. पण भिंत उलटून बोलत नाही, म्हणून एकमेकांशी.

"औषध मी देते," दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "पण तुम्ही हिला परत त्याच खोलीत नेता. मी आग विझवायची आणि घराने काडी लावायची, असं किती दिवस चालणार?"

"मग कुठे नेऊ, बाई?" मुंगीच्या आईने विचारलं. "आम्ही काय हौसेने राहतो तिथे?"

डॉक्टरीणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुम्हाला नाही बोलले. मंडळ यंदा काही इमारती दुरुस्त करतंय. पाइप बदलणार, बाहेरून भिंतीला आवरण घालणार, ओली हवा बाहेर खेचणारे पंखे बसवणार. तुमची इमारत त्यात येते का बघा. माझ्या गोळ्यांपेक्षा त्याने जास्त गुण येईल. पण वेळ घालवू नका. वाढत्या वयाची छाती आहे. जे वाढायचं राहील, ते मागाहून भरून निघेलच असं मी सांगू शकत नाही."

हे वाक्य घेऊन मुंगीची आई मंडळाच्या कचेरीत गेली. काचेमागे एक कारकून बसला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्या काचेला ठेवलेलं भोक इतकं खाली होतं की बोलणाऱ्याला कमरेत वाकावंच लागायचं. ज्याने ते भोक पाडलं त्याने विचार करूनच पाडलं असणार.

"सुखनिवास?" कारकून म्हणाला. "ती नाही येत दुरुस्तीत. ओलच नाही तिथे."

"ओल नाही?"

"आमचे साहेब दोनदा येऊन गेले ना! भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत म्हणतात. खरं सांगू का वहिनी, बाकीच्या इमारती बघाल तर ओकारी येईल. तुमची म्हणजे नमुना. आम्ही दुसऱ्यांना उदाहरण देतो तुमचं."

मुंगीची आई तशीच वाकलेली राहिली. पांढऱ्याशुभ्र! मागच्या खेपेला स्टुलावर चढून, तोंडाला पदर बांधून, तिनेच तर तो ब्रश मारला होता. एक हात, दोन हात, कोपऱ्यात तिसरा. आणि खाली उतरून, लांब उभं राहून, समाधानाने बघितलंही होतं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून वर तो धोंडा रंगवलाही होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती कुणावर काढावी हे कळेना.

"परत पाठवा साहेबांना," ती म्हणाली.

"तक्रार केलीत तर येतील एकदा. पण शेवटचं हं. यंदाचं काम त्यानंतर ठरून जाईल. पुढचं मग कधी, देव जाणे."

घरी येऊन तिने सरळ सांगून टाकलं, "या वेळी बादली घरात आणायची नाही. भिंत आहे तशी दाखवायची."

सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "आहे तशी? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"आई, अवलक्षण आहेच. दाखवलं नाही तर जाणार कसं?"

"अगं, साहेब येऊन बघणार, नाक मुरडणार आणि म्हणणार, बघा, कशी माणसं! झाकली मूठ सव्वा लाखाची असते, सूनबाई."

"मुठीत लाख असते तर झाकली असती मी. मुठीत पोरीचा गळा आहे."

सासूबाई ताट घेऊन उठल्या आणि आत गेल्या. त्या हट्टी होत्या, पण उगाच हट्टी नव्हत्या. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांची घरं पुसण्यात काढला. या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी त्या रांगेत उभ्या होत्या, कडेवर मुंगीचा बाप, आणि किल्ल्या वाटणारा माणूस शेजारच्या माणसाला, हळू बोलण्याचीही तसदी न घेता, म्हणाला होता, "घरं देऊन काय उपयोग? ही माणसं चार दिवसांत उकिरडा करतील." सासूबाईंनी किल्ली घेतली, मान खाली घालून घेतली, आणि त्या दिवसापासून आजतागायत या घराच्या उंबऱ्यावर धुळीचा कण बसू दिला नाही. गुडघे गेले, तरी फरशी स्वतः पुसायच्या. त्या माणसाचा चेहरा विसरल्या, वाक्य नाही विसरल्या. माणसाला घर द्यायचं आणि घराआधी लाज द्यायची, ही मंडळाची पद्धत. भिंत पाझरते त्यांची, आणि मान खाली जाते आमची!

मुंगीच्या आईने इमारतीतली दारं ठोठावली. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. त्यांना बाराही महिने सर्दी आणि डोळे कायम लाल.

"तुझं पटतंय गं," मावशी मशीनचं चाक हाताने थांबवून म्हणाल्या, "पण माझ्याकडे गिऱ्हाईक येतं. काळी भिंत बघून कोण लग्नाचे कपडे शिवायला टाकेल? मला नाही परवडायचं."

रंगारीकाकांनी तर तिला बसवून घेतलं आणि समजावलं, "वहिनी, आपण तक्रार केली आणि उद्या मंडळ म्हणालं, इमारत राहण्यालायक नाही, बाहेर पडा, तर? भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत व्हायची. बादली आहे तोवर घर आहे."

"बादली आहे तोवर खोकला आहे, काका."

काका हसले आणि हसता हसता खोकले. तरी मान हलवत राहिले. तिने किमान आपल्या घरी बादली पाठवू नका एवढं वचन मागितलं. ते त्यांनी दिलं, पण कसं? सुनांनी मागितलेली वचनं सासवांनी मोडेपर्यंतच टिकतात, हे माहीत असलेल्या माणसाने द्यावं तसं.

साहेब यायचे त्या दिवशी मुंगीच्या आईने दुपारपर्यंतची सुट्टी मागितली. मुकादमाने ती दिली नाही, मधल्या सुट्टीत जाऊन ये म्हणाला. ती कारखान्यातून जवळजवळ पळतच आली. जिन्यातच तिला वास आला. ताज्या रंगाचा वास.

घरात सासूबाई पदर खोचून उभ्या होत्या. स्टूल मांडलेलं, ब्रश बादलीवर आडवा, आणि भिंत बगळ्याच्या पंखासारखी पांढरी. शाळेतून आलेली मुंगी बुटांसकटच दाराशी बसून, रंगाच्या वासाने आणखीच खोकत होती.

"आई! हे काय केलंत हो तुम्ही?"

"बोलू नकोस. मला नाही जमलं." सासूबाई रंगाचे हात पदराला पुसत होत्या. "सकाळी तू कामावर गेलीस, मी त्या भिंतीकडे बघितलं, आणि मला वाटलं माझंच तोंड काळं झालंय. नाही जमलं मला."

भांडायला वेळच मिळाला नाही. दारात तपासनीस उभे होते. इमारतीतली माणसं त्यांना टॉर्चसाहेब म्हणायची. भर दुपारी ते हातात पेटता टॉर्च घेऊन फिरायचे, आणि तो मारायचे मोरीत, बेसिनच्या खाली, माठामागे. अंधार जिथे खरोखर होता तिथे तो कधी पोहोचल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"वा!" साहेबांनी भिंतीवर उजेड फिरवला. "नुकताच हात मारलेला दिसतो. घराची काळजी घेता. मग तक्रार कसली?"

"साहेब, रंग आज सकाळचा आहे. त्याच्याखाली भिंत काळी आहे. आतून ओल येते."

"खाली काय आहे ते मला कसं दिसणार? मला दिसतं ते मी कळवतो. पांढरी भिंत मी काळी म्हणून कशी कळवू?"

मुंगी खोकली. साहेबांनी टॉर्च तिच्याकडे वळवला, जणू तीही एखादी मोरी होती. "ही खोकते का नेहमी? घरात विडी-सिगारेट ओढतं कुणी? नाही? मग खिडक्या उघडत नसाल. कपडे आत वाळत घालता? बघा, तेच! शिवाय स्वयंपाकाची वाफ. या सवयी बदलायला हव्यात. आम्ही भिंती बांधू शकतो, सवयी कशा बांधणार?"

"थंडीत खिडकी उघडली तर पोर गारठते, आणि कपडे वाळवायला गॅलरी तुम्ही दिलेली नाही," मुंगीच्या आईचा संयम सुटला. "वाफ म्हणता? घरात माणसं श्वासही घेतात, साहेब. तोही खाली रस्त्यावर जाऊन घ्यायचा का?"

साहेबांना राग आला नाही, हेच जास्त चीड आणणारं होतं. ते समजूतदारपणे हसले, तिला सोडून सासूबाईंकडे वळले आणि म्हणाले, "आजी, हे सगळं तुम्ही ठेवता ना? लगेच कळतं. फरशीत तोंड दिसतंय. तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असती तर मंडळाला हे हेलपाटे पडलेच नसते. बाकीच्यांनी बघा, चांगल्या घरांचा उकिरडा केलाय."

सासूबाई हात जोडायला निघाल्या होत्या. हात अर्ध्यावरच थांबले. किल्ली मिळाल्या दिवसापासून ज्या शाबासकीची त्या वाट पाहत होत्या ती आज दारात चालून आली होती, साहेबाच्या तोंडून, सुनेच्या देखत. आणि त्या शाबासकीच्या पोटात तोच जुना शब्द होता, उकिरडा. त्यांनी एकदा मुंगीकडे पाहिलं. मुंगी दम लपवण्यासाठी बुटाची नाडी सोडत होती.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "कपाट धर."

"काय?"

"कपाट धर म्हणते ना! त्या बाजूने."

लोखंडी कपाट त्याच भिंतीला लावलेलं होतं, लावल्यापासून जागचं हललं नव्हतं. सासूबाईंनी दुखऱ्या गुडघ्यांनी रेटा दिला, सुनेने ओढलं, आणि फरशीवर कर्रकन ओरखडा काढत कपाट बाजूला झालं. मागे ब्रश कधी पोहोचलाच नव्हता. भिंत काळी होती, चुलीच्या धुराड्यासारखी काळी, आणि त्या काळ्यावर पांढुरकी लव उगवलेली. वास असा आला की साहेबांनी झटकन नाकाला रुमाल लावला.

सासूबाईंनी भिंतीत बोटं घातली. घातली म्हणजे खरोखर आत गेली. मूठभर गिलावा ओल्या कणकेसारखा हातात आला. तो हात त्यांनी साहेबांच्या पुढे धरला.

"हे कळवा," त्या म्हणाल्या. "ती पांढरी भिंत मी केली. आज सकाळी केली. तुमच्यासमोर माझी लाज जाऊ नये म्हणून केली. आणि साहेब, तुम्हाला इथे उभं राहिल्याबरोबर रुमाल लागला. माझी नात जन्मल्यापासून इथे झोपते. तिच्या नाकाला कुणी रुमाल लावायचा?"

साहेबांनी घसा खाकरला. "हे बघा आजी, कपाट भिंतीला चिकटून ठेवलं की हवा खेळत नाही. त्यामुळेही असं होतं. हा एका घराचा प्रश्न झाला. त्यावरून इमारतीचं..."

म्हणजे आता दोष कपाटाचा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सासूबाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. आयुष्यात कधी वरच्या पट्टीत न बोललेली ती बाई काळा हात तसाच घेऊन जिन्यात गेली, कठडा धरला आणि ओरडली, "अहो ऐकता का सगळे! कपाटं ओढा! साहेबांना एकाच घरात ओल दिसतेय! ओढा कपाटं!"

दारं उघडली होती, माणसं उंबऱ्यांत होती, पण कुणी हलेना. झाकलेली मूठ उघडणं सोपं नसतं. मुंगीच्या आईला वाटलं, संपलं. आता साहेब खाली उतरतील, आणि पोर आणखी कैक वर्षं उशांना टेकून झोपेल.

मग तळमजल्यावरून आवाज आला. लोखंडी पत्ती भिंतीवर घासल्याचा, खर्र, खर्र. रंगारीकाका आपल्याच घराची भिंत खरवडत होते. "मीच रंगवली," ते तिथूनच ओरडले, "मीच काढतो! या साहेब, बघा, किती थर आहेत!" त्यांच्यामागोमाग शिवणवाल्या मावशींकडे कपाट सरकल्याचा आवाज झाला, मग समोर, मग वर. इमारतभर लोखंड फरशीवर करकरत होतं. प्रत्येक घरात कपाट त्याच एका भिंतीला लावलेलं होतं. इतक्या वर्षांत एकमेकांच्या घरी जाऊन-येऊन कुणी कुणाला हे विचारलं नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांकडे होतं. टॉर्चसाहेबांना त्या दिवशी प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक कपाटामागे टॉर्च मारावा लागला. शेवटच्या घरातून निघताना तो विझवायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

दुरुस्ती झाली. लगेच झाली असं नाही. मंडळाचं काम म्हणजे वरातीमागून घोडं. पण थंडीच्या आधी झाली. जुना पाइप काढला, तेव्हा तो गवंड्याच्या हातातच मोडला. मागच्या भिंतीला बाहेरून जाड आवरण बसलं, खिडक्यांना नीट लागणारी तावदानं आली, ओट्यावर आणि मोरीत हवा खेचणारे पंखे आले. भिंत आधी सुकवली, मग गिलावा केला, मग रंग दिला. तिसऱ्या मजल्यावरचं काम उरकायला जेवढे दिवस लागले, त्यापेक्षा जास्त दिवस मुंगी मागच्या हिवाळ्यात इस्पितळात होती.

ती थंडी आली आणि गेली. भिंतीला घाम आला नाही. मुंगीच्या तीन उशांच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. एके दिवशी दुपारी ती पोटावर पालथी, गाल गादीत रुतवून झोपलेली दिसली, तेव्हा तिच्या आईने आधी घाबरून तिच्या नाकापुढे हात धरला. श्वास येत होता, बिनआवाजाचा. मावशींचे डोळे निवळले. मुंगीचा बाप पुरेशी झोप घेऊन ट्रकवर जाऊ लागला, आणि डब्याच्या झाकणावरून भांडण होईना, तेव्हा नवरा-बायकोला काही दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. सासूबाईंचे गुडघेही कमी ठणकायला लागले; त्या मात्र ते कबूल करायच्या नाहीत.

सगळं चांगलं झालं होतं. मुंगीच्या आईने आनंदच मानायला हवा होता, आणि ती मानतही होती. पण कामावरून आल्यावर ती कधीमधी त्या भिंतीवर तळवा टेकवायची. कोरडी, उबदार भिंत. आणि आनंदाच्या आधी रागच वर यायचा. एवढंच होतं? एक पाइप, एक आवरण, दोन पंखे? एवढ्यासाठी माझी पोर जिन्यात नाड्या बांधत बसली? डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, छाती मोकळी झाली आहे, तोंडात मारायचा औषधाचा पंप आता लागलाच तर द्यायचा. मग थोडं थांबून त्या म्हणाल्या होत्या, तिच्या वयाच्या इतर मुलांएवढा श्वास तिचा भरत नाही; कदाचित भरेल, कदाचित नाही. ते 'कदाचित' मुंगीच्या आईने सासूबाईंना सांगितलंच नाही.

थंडी सरल्यावर टॉर्चसाहेब परत आले. या खेपेला टॉर्च नव्हता, गळ्यात कॅमेरा होता. मंडळाला आपल्या कामाचं कौतुक छापायचं होतं, आणि त्यासाठी एक आनंदी कुटुंब हवं होतं.

"आजी, तुम्ही, सूनबाई आणि ती छोटी," साहेब म्हणाले. "मागे झालं गेलं विसरून जाऊ. नव्या आवरणापुढे उभं राहायचं, आणि मंडळाच्या आभाराचे दोन शब्द. बस. छोटी कुठाय?"

छोटी खाली मागच्या मोकळ्या जागेत होती. तिथे इमारतीतली पोरं पकडापकडी खेळत होती, अनवाणी, आरडाओरडा करत. मुंगी त्यांच्यात नव्हती. ती कडेला, पोरांच्या चपलांच्या ढिगाशेजारी उभी होती. कुणाची चप्पल लाथेने उडाली की उचलून परत जोडीला लावत होती.

"तू का नाही खेळत गं?" आईने विचारलं.

"मी चपला राखते," मुंगी म्हणाली.

"पण आता तुला धाप नाही ना लागत?"

"नाही लागत." मुंगीने खांदे उडवले. "पण माझं काम हेच आहे. पहिल्यापासून. मी गेले तर चपला कोण राखणार?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. सगळी पोरं धावणारी आणि आपण राखणारी, असं जगच असतं, अशा समजुतीने ती बोलली. सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला. साहेब कॅमेऱ्याशी खटपट करत म्हणाले, "चला, चला, उजेड चांगला आहे. आणि वहिनी, ते आभाराचे शब्द तेवढे..."

मुंगीच्या आईने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांची आग जिभेवर आली होती, पण पोर ऐकत होती. तिने पोरीच्या हातातली चप्पल घेतली आणि साहेबांच्या हातात दिली.

"साहेब, जरा या चपला राखा," ती म्हणाली. "माझ्या पोरीला खेळायचंय."

साहेबांना काय करावं कळेना. चप्पल टाकावी तर सगळी इमारत खिडक्यांतून बघत होती, रंगारीकाका तर पायरीवरच बसले होते. मुंगीने आधी साहेबांकडे, मग आईकडे पाहिलं, आणि खरंच कुणीतरी राखणारं मिळालं आहे अशी खात्री पटल्यावर बूट काढून ढिगात ठेवले. पहिली काही पावलं ती चालतच गेली. मग धावली. कशीतरी धावली, हात कुठे पाय कुठे, धावायचं असतं कसं हे न शिकलेलं पोर धावेल तशी. पडली, उठली, कुणीतरी पाठीत धपका घालून पळालं, आणि ती त्याच्यामागे किंचाळत सुटली. लांबवरच्या कोपऱ्यात पोहोचल्यावर ती गुडघ्यांवर हात ठेवून थांबली. सासूबाईंचा हात पंपाच्या पिशवीत गेला. पण मुंगी दम खात हसत होती.

"झालं ना?" साहेब हळूच म्हणाले. "आता फोटो घेऊ या का? मला पुढच्या इमारतीत जायचंय."

"थांबा की, साहेब," मुंगीची आई मुलीवरची नजर न काढता म्हणाली. "ती आत्ता कुठे सुरू झालीय. आम्ही तुमची वाट बघत थांबलोच होतो ना?"